साठ पेट्यांचा समुद्र

मोफत या शब्दाइतका महाग शब्द दिग्रसच्या बाजारात दुसरा नाही, आणि नेमका तोच सर्वांत ठळक छापलेला असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चिंतावार कृषी केंद्राच्या भिंतीवर, परवान्याच्या चौकटीला खेटून, एक रंगीत तक्ता लागला. त्यावर निळा समुद्र होता, वाकलेले नारळ होते आणि जन्मात कधी उधारी न मागितलेले असे हसणारे एक जोडपे होते. खाली मजकूर होता: एकतीस ऑगस्टपर्यंत साठ पेट्या विका आणि दोघे जण पाच दिवस परदेशी जा, अगदी मोफत. पेट्या कशाच्या, हे तक्त्यावर नव्हते. त्या कपाशीवर फवारायच्या, निळ्या बुचाच्या कीटकनाशकाच्या होत्या. पण समुद्राच्या चित्रात किडीला जागा कोण देणार?

योजनेत नवीन असे काही नव्हते. शेतकऱ्याने विकत घ्यायचे, दुकानदाराने फिरायला जायचे आणि त्या फिरण्याला कंपनीने स्वतःचे औदार्य म्हणायचे, हा त्रिकोण कापसाच्या मुलखात सर्वांच्या परिचयाचा आहे. परिचयामुळे त्याची लाज वाटेनाशी होते, एवढाच काय तो फरक.

सुरभीला लाज वाटली नाही. तिला समुद्र हवा होता. लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि या नऊ वर्षांत कुटुंबाने एकही सुट्टी घेतलेली नव्हती. खरिपात दुकान सोडता येत नसे, रब्बीत सोडवत नसे, आणि उन्हाळ्यात बियाण्याच्या बुकिंगसाठी माणसे येत. लग्नानंतर लगेच नवरा, रजत, तिला दोन दिवस चिखलदऱ्याला घेऊन गेला होता, तेवढेच. तिथे त्याने दरीच्या कड्यावर उभे राहून फोनवर सव्वा तास युरियाच्या मालगाडीविषयी चर्चा केली. धुके सुंदर होते, असे सुरभीला आठवते.

म्हणून तिने मुलीची, समीक्षाची, तिसरीतली अर्धी कोरी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिले: मोफत सहलीचा खर्च. ज्याला अर्थशास्त्र येते त्याने या शीर्षकावर प्रबंध लिहावा. सुरभीने फक्त बेरीज केली. कंपनी दोघांना नेणार होती. आठ वर्षांची समीक्षा आणि सासूबाई विमलताई यांचे पैसे स्वतः भरायचे होते. चौघांचे पासपोर्ट, नागपूरहून मुंबई आणि परत, बॅगा, कपडे, आणि परदेशातून काहीच आणले नाही असे सासरमाहेरच्या वीस घरांनी म्हणू नये म्हणून आणायच्या वस्तू, असे सर्व धरून मोफत सहल एक लाख बेचाळीस हजारांना पडत होती.

पोस्टातल्या आवर्ती ठेवीत तिचे शहाऐंशी हजार जमले होते. शिवाय बँकेचे कार्ड होते. त्यावर पेट्रोल भरले, बिल भरले की पॉइंट मिळत आणि पॉइंटांतून प्रवासाची तिकिटे काढता येत. सुरभीने अख्ख्या गल्लीची विजेची आणि फोनची बिले स्वतःच्या कार्डावर भरून शेजाऱ्यांकडून रोख घेण्याचा परिपाठ दोन वर्षे चालवला होता. गल्लीत तिला बिलवाली वहिनी म्हणत. या खटाटोपातून चौदा हजार दोनशे पॉइंट साठले होते, म्हणजे तीन हजार पाचशे पन्नास रुपये. उरलेल्या बावन्न हजारांची सोय तिने अजून केली नव्हती. आधी साठ पेट्या पुऱ्या होऊ देत, मग पाहू, असा तिचा हिशेब होता. मोफतच्या मागे लागलेली माणसे खर्चाचा विचार नेहमी शेवटी करतात.

अठ्ठावीस ऑगस्टला त्रेपन्न पेट्या झाल्या होत्या. त्याच दिवशी रजतला परवान्याच्या कामासाठी दोन दिवस यवतमाळला जावे लागले. कृषी पदविका त्याची होती. शेतकरी रोगट पान पिशवीत घालून आणत, रजत ते उजेडात धरून पाही आणि काय फवारायचे, किंवा बहुधा काय फवारायचे नाही, ते सांगे. जाताना तो सुरभीला म्हणाला, "जो जे मागन ते दे. सांगू कोणाले काही नको. मी परवा येतो."

तो गेल्यावर तासाभरात अमर आला. अमर हा कंपनीचा माणूस. पाच तालुक्यांत मोटारसायकलवर फिरून दुकानदारांची विक्री वाढवणे हे त्याचे काम, आणि प्रत्येक दुकानात वहिनी असणे हे त्याचे भांडवल.

"वहिनी, किती झाल्या?"

"त्रेपन्न."

"सात पेट्यांसाठी समुद्र सोडता काय?"

"गिऱ्हाईकच नाही आलं त मी काय करू? बसस्टँडवर टोपलं घेऊन बसू?"

"विकाचं कायले, जोडाचं. जो लाल बुचाचं न्यायले येईन त्याले सांगा, हे निळं बी त्याच्यातच टाका. दोन फवारण्यांचं काम एकीत. मजुरी वाचते म्हटलं की माणूस नाही म्हणत नाही."

"पण चालते का असं मिसळलेलं?"

"वहिनी, मी कंपनीचा माणूस हाय. चालत नाही असं मी सांगीन काय?"

या उत्तरात संपूर्ण सत्य होते. सुरभीने त्यातले सोयीचे तेवढे घेतले.

दुपारी देवसिंग आडे आला. शहरापासून तेरा किलोमीटरवरच्या तांड्यातला हा शेतकरी नऊ घरांचे औषध एकदम नेई, कारण एकत्र घेतले की भाव कमी लागतो. आणि पैसे रोख देई, कारण उधारीच्या चहालाही व्याज असते असे त्याचे मत होते. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कपाशीचे कडा वळलेले पान काढून काउंटरवर ठेवले.

"वहिनी, भाऊ कुठी गेले?"

"यवतमाळले. परवा येतीन."

"मंग हे पान कोन पाहीन? तुमी?"

"काहून, मले डोळे नाहीत काय?"

देवसिंग हसला. "डोळे हायेत व. पन भाऊ पान पाह्यते, तुमी आमचं पाकीट पाहून राह्यल्या."

तिने तेही हसण्यावारी नेले. नेहमीचे लाल बुचाचे औषध काढले आणि मग, स्वतःचाच आवाज कुणा दुसऱ्याचा वाटावा अशा सराईतपणे, अमरची वाक्ये म्हटली: निळे बूच त्याच पंपात टाका, एक मजुरी वाचते, नऊ घरांना सात पेट्या पुरतील.

"भाऊ त कधी मिसळाले सांगत नाई."

"हे नवीन आलं."

देवसिंगने क्षणभर पेट्यांकडे पाहिले. अकरा वर्षे तो या दुकानात येत होता. अकरा वर्षांचा विश्वास ही मोठी रक्कम असते, आणि ती दुसऱ्याच्या खात्यातून काढताना सही लागत नाही. त्याने नोटा मोजल्या, छोट्या टेम्पोत माल भरला आणि उद्या सकाळी उघाड असली तर सारेच फवारू, असे सांगून तो गेला.

साठ. सुरभीने अमरला फोन केला. त्याने टाळ्या वाजवल्याचा आवाज ऐकवला आणि उद्या दुकानातल्या एका बाटलीच्या बॅच क्रमांकाचा फोटो पाठवा म्हणाला. समीक्षाने शाळेतल्या सात मैत्रिणींना विमानाची बातमी दिली. विमलताईंनी देवापुढे साखर ठेवली, पण काय मागितले ते सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सुरभीने फोटोसाठी फळीवरची निळ्या बुचाची सुटी बाटली खोक्यातून काढली. बाटलीभोवती घडी घातलेले माहितीपत्रक होते. सहलीच्या नियमांचे चार पानी पत्रक तिने अकरा वेळा वाचले होते. तिथे अक्षरे हरभऱ्याएवढी होती. या पत्रकातली अक्षरे मुंगीच्या पायाएवढी होती आणि त्यात मराठीचा क्रमांक नववा होता. ज्याने वाचायला हवे त्याला वाचता येऊ नये, इतकी काळजी घेऊन केलेली छपाई क्वचितच पाहायला मिळते. बॅच क्रमांक शोधता शोधता तिची नजर एका ओळीवर थांबली: लाल त्रिकोण असलेल्या कोणत्याही कीटकनाशकात मिसळू नये; श्वासावाटे व त्वचेवाटे गंभीर विषबाधा संभवते.

तिने फळीवरची लाल बुचाची बाटली उचलली. तिच्यावर त्रिकोण होता. तो लाल होता.

रजतने फोन उचलला तेव्हा तिला वाक्य नीट जुळवता आले नाही. तरी त्याला कळले.

"एकत्र? कोण्या गाढवानं सांगतलं?"

"अमरनं."

"अन् देवसिंगले कोणं सांगतलं?"

"मीनं."

फोनमध्ये कचेरीतला गलका मागे पडला; रजत चालत बाहेर आला होता. मग रजत म्हणाला, "कपाशी खांद्याले लागून राह्यली आता. पंप चालला की सारं तोंडावरच येते. त्याले फोन लाव. नाही लागला त जा. आत्ताच्या आत्ता जा."

फोन लागला नाही. विमलताई गल्ल्यावर येऊन बसल्या. "दुकान मी पाह्यते. कोणी आलं त सांगीन, आज बंद हाय." सुरभीने स्कूटर काढली.

तेरा किलोमीटर हे अंतर फार नाही. परंतु त्या सकाळी आभाळ निरभ्र होते, वारा पडला होता, आणि फवारणीला याहून चांगला दिवस नसतो हे सुरभीला नऊ वर्षांच्या दुकानदारीने शिकवले होते. दोन्ही बाजूंनी कपाशी उभी होती, गच्च, हिरवी, माणूस वाकला तर दिसू नये अशी. तिने मनाशी नऊ घरे मोजली. प्रत्येक घरातला एक फवारणारा धरला. कोणाची बायको पाणी भरून देत असेल, कोणाचे पोर बांधावर बसले असेल. मग तिने मोजणे थांबवले, कारण आकडा वाढतच चालला होता. तांड्याच्या अलीकडे तिला पेट्रोलवरच्या फवारणी पंपासारखी घरघर ऐकू आली. ती स्कूटर टाकून शेतात धावली. एक माणूस यंत्राने बांधावरचे गवत कापत होता. त्याने विचारले, "काय झालं बाई?" ती तशीच वळून स्कूटरकडे धावली.

देवसिंगच्या अंगणात त्याची आई गंगी ओट्यावर बरबटीच्या शेंगा निवडत बसली होती. सारा तांडा तिला याडी, म्हणजे आई, म्हणतो. सुरभीही तेच म्हणे.

"याडी, फवारलं का? कोणी फवारलं का?"

"कोन, चिंतावारची सून? बस आधी. चेहरा पाय कसा झाला."

"बसत नाही. सांगा, फवारलं का?"

"नाई फवारलं."

"कोणीच नाही?"

"कोनीच नाई. मीनं फवारू देलं नाई." गंगीने शेंगांचे सूप बाजूला सारले, भिंतीच्या कोनाड्यातून पाण्याची एक जुनी प्लास्टिकची बाटली आणली आणि सुरभीच्या डोळ्यांपुढे धरली. आत पिवळसर पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तळाशी बसल्या होत्या. "काल सांजले दोनी औषधाचं एकेक झाकन पान्यात टाकलं. सकाळी पाह्यलं त दूध फाटल्यावानी. देवसिंगले म्हटलं, जे बाटलीत एकमेकासंग नांदत नाई ते पंपात काय नांदन बे?"

एका वर्षी गंगीचा धाकटा दीर फवारणी करून घरी आला आणि आठ दिवस दवाखान्यात नजर हरवून पडला. तो वाचला. त्या वर्षापासून कोणतेही नवे औषध आणि कोणतेही नवे मिश्रण गंगीच्या बाटलीत एक रात्र काढल्याशिवाय या तांड्यातल्या कोणत्याही पंपात जात नसे. तिला वाचता येत नव्हते. नऊ भाषांतल्या पत्रकाने जे लपवले, ते तिने दोन झाकणांत वाचले होते.

सुरभी ओट्यावर बसली. तिला रडू येईल असे वाटले होते, पण आले ते हसू, तेही उचकीसारखे, थांबता थांबेना. गंगीने तिला तांब्याभर पाणी दिले, ते ती एका दमात प्यायली, आणि मग भूक लागल्याचे तिच्या लक्षात आले. सकाळपासूनच्या भीतीने पोटात जेवढी जागा अडवली होती ती सगळी एकदम रिकामी झाली होती. गंगीने न विचारता ज्वारीची भाकर आणि लसणाची चटणी पुढे ठेवली.

"कोनं सांगतलं तुले मिसळाले?"

अमरचे नाव जिभेवर होते. तिने ते भाकरीबरोबर गिळले. "माह्या मनानं सांगतलं, याडी. सात पेट्या कमी होत्या. तेवढ्या विकल्या की कंपनी विमानानं फिराले नेणार होती."

गंगीने शेंगांचे सूप पुन्हा पुढे ओढले. "म्हंजे आमच्या डोक्यावर पाय देऊन विमानात चढत होती काय व?"

"हो."

"किती जन जानार होते?"

"फुकटात दोघं. लेकीचे अन् सासूचे पैसे भरा लागत होते. लाखाच्या वर."

"लाखाच्या वर?" गंगीने शेंग तोडली. "मंग ते फुकट कायचं?"

या प्रश्नावर समीक्षाच्या वहीतली तीन पाने खर्ची पडली होती आणि तो एकदाही विचारला गेला नव्हता.

देवसिंग शेतातून आला तेव्हा आईने त्याला सारे सांगून टाकले. तो तिथेच उभा राहिला. ओरडला असता तर सुरभीला सोपे गेले असते.

"वहिनी, मी तं मिसळालेच बसलतो पंपात. याडीनं थांबवलं."

"मले माफ करा म्हणाले तोंड नाही, देवसिंगभाऊ. सारा माल परत नेते. पैसे आजच देते."

"पैसे द्या. अन् भाऊले सांगजा, दुकान बदलत नाई आमी. बदलून जाऊ कुठी? दुसऱ्याच्या भिंतीवर बी समुद्रच असन." त्याने सातवी पेटी टेम्पोत ठेवली. "पन याडीची बाटली आता तुमच्या जुन्या औषधाले बी लागन. दर खेपेले."

"लावा," सुरभी म्हणाली. हे तिला शिक्षेसारखे वाटले नाही. कुणीतरी खांद्यावरचे ओझे अर्धे धरावे, तसे वाटले.

दुपारी तिने पैसे चुकते केले आणि परतीची पावती केली. त्रेपन्न. अमरचा फोन आला.

"वहिनी, फोटो नाही आला."

"येत नाही. माल परत आला."

झाले ते ऐकून अमर जराही बिचकला नाही. "असं करू, माल घ्या परत, पण बिल राहू द्या. परतीची नोंद सप्टेंबरमंधी दाखवू. टूर पक्की. कोण पाह्यते?"

"गंगी याडीनं पाह्यलं."

"कोण याडी?"

"तिले कंपनीत घ्या. तुमच्यापेक्षा चांगलं पाह्यते." सुरभीने पावतीची प्रत कंपनीच्या कार्यालयाला पाठवून दिली आणि सोबत मिश्रणाचा सल्ला कोणी दिला तेही नावानिशी लिहिले, दोन्ही नावे: अमरचे आणि स्वतःचे. कंपनीचे उत्तर तीन ओळींचे आले. त्यात ग्राहकांची सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य असल्याचे कळवले होते. अमरला पुढच्या महिन्यात दुसरे पाच तालुके मिळाले.

संध्याकाळी रजत एक दिवस आधीच परत आला. तो आधी तांड्यावर जाऊन, नऊ घरे डोळ्यांनी पाहून आला होता. त्याने चहा घेतला आणि पावती पाहिली. सुरभी बोलणी खायला तयार होऊन बसली होती.

"एक सांगू?" तो म्हणाला. "मले त्या टूरवर जायचंच नव्हतं."

"काय?"

"नेरचा आपला तो दुकानवाला पाहुणा गेलता न मांगच्या साली. रोज सकाळी तीन घंटे हाटेलात मीटिंग. दुपारी बसमंधी कोंबून दुकानं दाखवाले नेत. समुद्र त्यानं बसच्या काचातून पाह्यला. अन् येता येता पुढच्या सालचं टार्गेट सही करून घेतलं, ऐंशी पेट्या."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"तू तं हिशेब करत बसली होती, खुशीत. कसं सांगू?"

आतल्या खोलीतून विमलताईंचा आवाज आला. "सांगासांगी चालूच हाय तं माहं बी ऐका. मले विमानाचं भेव वाटते. त्या पासपोर्टच्या फोटोत तीन डाव मीनं मुद्दाम डोळे मिटले."

फोटोवाल्याने तिन्ही वेळचे पैसे घेतले होते. तरीही सुरभीला त्या दिवशी दुसऱ्यांदा न थांबणारे हसू आले. एका घरातली तीन मोठी माणसे अडीच महिने एकमेकांच्या आनंदासाठी एका सहलीकडे ओढली जात होती आणि जावेसे खरोखर एकीलाच वाटत होते. बक्षिसाची हीच खुबी असते. ते नाकारणे असभ्य वाटते, म्हणून कोणी विचारत नाही की ते मागितले कोणी.

सुरभीने वहीचे नवे पान घेतले. या वेळी तिने आधी किती खर्चायचे ते लिहिले आणि मग कुठे जायचे ते शोधले. पन्नास हजार, त्याच्यापुढे एक रुपयाही नाही. दिवाळीनंतर, शाळा उघडण्यापूर्वी, वर्ध्याहून रेल्वेने पुरी, सहा दिवस, मंदिराजवळची धर्मशाळा दोन दिवस आणि किनाऱ्यावरचे साधे लॉज दोन दिवस. चौदा हजार दोनशे पॉइंट रेल्वेच्या तिकिटांत वळते झाले. ते तीन हजार पाचशे पन्नासच होते, पण या सहलीसाठी कोणाच्या शेतात काही फवारावे लागणार नव्हते. वीस घरांच्या वस्तूंच्या रकान्यात तिने लिहिले: प्रसादाचा खाजा, दोन किलो, सगळ्यांत वाटून. बेरीज सेहेचाळीस हजारांवर थांबली. दुकानाच्या शटरवर रजतने कागद चिकटवला: सहा दिवस बंद. इतक्या वर्षांत असा कागद पहिल्यांदाच लागला होता, आणि तो वाचायला दोन शेजारी चष्मा घेऊन आले.

वर्ध्याच्या फलाटावर गाडी अर्धा तास उशिरा असल्याचे जाहीर झाले तेव्हा सुरभीचा फोन वाजला. देवसिंगचे नाव पाहून तिने तो लगेच कानाला लावला.

"वहिनी, निंघाल्या काय?"

"वर्ध्याले हावो. काय झालं? सारे ठीक हायेत न?"

"ठीक म्हंजे काय, सारे वावरात हायेत. पहिली वेचनी चालू झाली. नऊच्या नऊ घरचे." मागून बायकांच्या बोलण्याचा, हसण्याचा आवाज येत होता. "याडी विचारून राह्यली, फुकट चालल्या का पैसे देऊन?"

"पैसे देऊन म्हणा."

त्याने मागे वळून ओरडून सांगितले आणि वेचणाऱ्या बायकांनी काहीतरी म्हटले, ते सुरभीला कळले नाही; हसणे कळले. गाडी आली. विमलताईंना खालचा बर्थ मिळाला, समीक्षा खिडकीला चिकटली, रजतने पाण्याच्या बाटल्या मोजल्या. सुरभी वरच्या बर्थवर चढली, पदर डोळ्यांवर घेतला आणि गाडी हलण्यापूर्वीच झोपी गेली. चहावाला येऊन ओरडू लागला तेव्हा रजतने त्याला हाताने पुढच्या डब्याकडे पिटाळले.